हातचा

लुसिकिसिकीच्या टॅक्सी स्टँडवर
माम्पिंगा अमाग्विन्या तळायची,
मुठीएवढे कणकेचे गोळे, आत नुसती गरम हवा,
आणि बांधून द्यायची जुन्या प्रश्नपत्रिकांत.

शाळेनं रद्दी किलोवर काढली होती.
चौदाचा मार्च, अकराचा नोव्हेंबर,
गणित पेपर एक, गणित पेपर दोन,
सगळं सुटं, पिना काढून घेतलेलं.

माझ्या हाती पहिलं आलं ते पान सात.
त्रिघाती फलाचा आलेख,
आणि नेमका वळणबिंदूवर तेलाचा डाग.
उजेडात धरलं की मागच्या बाजूचं कर्ज
आलेखाच्या उतारातून दिसायचं,
उलटं, आरशातल्यासारखं.

शाळेतलं झेरॉक्सचं मशीन ऑगस्टपासून बंद.
न्दामासे सर म्हणायचे, दहा वर्षांचे पेपर सोडवा,
बोर्ड तेच विचारतं, कपडे बदलून.
ते आणायचे कुठून, हे सांगत नसत.
म्हणून मी रोज दोन रँडचा एक घ्यायचे,
शुक्रवारी उसनवारीवर दोन.
भूक नसायची.
तिसऱ्या प्रश्नाचा ब हवा असायचा.

चौथ्या दिवशी तिनं ओळखलं.
"खातेस की वाचतेस?"
मग बाकीच्यांना वर्तमानपत्र, मला गणित.

"हा कोण गं, दहा लाखांचं घर घेणारा?"
कढईवरून मान वाकवून विचारायची.
मी वाचून दाखवायचे: साडेदहा टक्के, वीस वर्षं,
नव्वदाव्या हप्त्यानंतर नोकरी गेली.
"मग? फेडलं का त्यानं?"
पेपरात नाही.
"बायको होती?"
तेही नाही.
"मग कसला हा हिशेब!" म्हणत ती झारा आपटायची.
उत्तर आलं होतं मला, दोन दशांश स्थळांपर्यंत.
सांगायची लाज वाटली.

अकराचा नोव्हेंबर जुळत आला.
गादीखाली दाबून तेल टिपलं, दाभणानं शिवला.
फक्त पान अकरा नाही.
शेवटचा प्रश्न, संभाव्यता, सतरा गुण.
"कोकस्टॅडच्या ड्रायव्हरला दिलं असेन," ती म्हणाली,
"तो तीन घेतो, नेहमी घाईत असतो."

रात्री दिवे गेले की मी त्या पानाचाच हिशेब मांडायचे:
त्यानं हात पुसले असण्याची शक्यता,
खिडकीतून फेकलं असण्याची,
रस्त्याकडेच्या कुणा मुलीनं उचललं असण्याची.
ती शून्य नाही,
एवढंच सिद्ध करता यायचं.

पेपरच्या सकाळी तिनं हाक मारली.
कढई अजून थंड होती.
एप्रनमधून घडी काढली, कोरडी, तेलाचा थेंब नाही.
"तुझं अकरा. सापडलं."

शाळेच्या फाटकाशी उलगडलं.
पान अकराच होतं, खरंच.
विषय जीवशास्त्र.
बेडकाचं हृदय, कप्प्यांना नावं द्या.

सांगायला मागे गेले नाही.
आत कागद नेता येत नव्हता,
दाराबाहेर दप्तरात ठेवलं.

तीन तास, दीडशे गुण,
प्रत्येक पानाच्या तळाशी तेच छापलेलं,
कृपया पान उलटा.
मी उलटत गेले.
शेवटी एका पिशवीत लाल नि निळे चेंडू आले,
न बघता दोन काढायचे होते.

बेरजेतला हातचा
आपण वरच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतो,
पुढच्या घरी लागेल म्हणून,
तसं ते हृदय,
तीन कप्प्यांचं,
दाराबाहेर.