वार

एल आल्तोत हवा विरळ.
पाणी लवकर उकळतं, बटाटा मात्र आत कच्चाच राहतो.
इथल्या बायका तरीही
दोन जिवांचा श्वास एका छातीनं ओढतात.

एउलोहिया तिकोना, चौतिसावा आठवडा,
गुरुवारच्या बाजारात जुने नट-बोल्ट विकते.
पायांवर सूज, बोट दाबलं की खळगा तसाच,
ओल्या सिमेंटवर राहावा तसा.
दाब एकशे सत्तर, खालचा एकशे दहा.
डोळ्यांपुढे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, म्हणाली,
आणि लगेच, आज दुकान कुणी लावलंय का?

मी दोन नळ्या रक्त काढलं.
"काय बघतेस त्यात?"
गंज, म्हटलं. आतला.
वारेला हवा पुरली नाही की धरतो.
ती सुजल्या ओठांनी हसली,
"रॉकेल लाव. आणि तारेचा ब्रश."

नळीवर नाव नसतं. सत्तेचाळीस.
मॅलोनडायअल्डिहाइड चढलेलं,
सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन चढलेलं,
इंटरल्यूकिन आलेखाच्या कागदाबाहेर.
देह ज्याला त्याला वर्दी देत होता, आग, आग,
कुठे ते न सांगता.
माझ्या तक्त्यात त्याला एक चौकोन.

मध्यरात्री पोट उघडलं.
मुलगी. अठराशे ग्रॅम.
वार लहानशी, एका कडेला कडक,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.
मी नखाएवढा तुकडा कापून घेतला.
संमतीपत्रावर अंगठा होता.

दोन दिवसांनी सासू आली, तोमासा, झाकणाची बादली घेऊन.
वार घरी न्यायची, चुलीमागे पुरायची.
एउलोहिया अजून खाटेवर, मॅग्नेशियमच्या गुंगीतून नुकती बाहेर.
म्हातारीनं ती हातावर घेतली,
कापडाचा काठ तपासावा तसं कडेनं बोट फिरवत गेली
आणि थांबली.
नेमकी तिथे.
"इथलं कुठंय?"

त्याची पूड झाली, मी म्हटलं.
पुडीचा आकडा झाला.

"मग आकडा दे."

चिठ्ठीवर लिहून दिला, दशांश चिन्हासकट.
तिनं चार घड्या घातल्या,
कापल्या जागी चिठ्ठी नीट बसवली,
झाकण लावून वर फडकं बांधलं,
आणि दारातून वळून विचारलं,
बोल्टांच्या पेटीची किल्ली
सुनेच्या कुठल्या खिशात असेल.