इलियासभाईची पाटी

कादराबादच्या वळणावर, जालन्यात,
कॅसेटच्या दुकानाबाहेर एक पाटी टांगलेली असायची,
शाळेतलीच, लाकडी चौकटीची.
जुम्म्याची नमाज झाली की इलियासभाई
ओल्या फडक्यानं ती पुसायचे
आणि खडूनं लिहायचे : या हप्त्याचे दहा.

वर कायम सिनेमा.
आठ-नऊला, आमच्यासारख्या चार टवाळांसाठी
ते फुगवलेल्या केसांचे, चकाकत्या तंग विजारींचे बँड,
गिटार धरलेली अशी की वरातीतली तलवार.

ब्याण्णवच्या मेमध्ये सुदाम तौर एक कॅसेट घेऊन आला.
मामा गोदीत होता त्याचा.
कव्हर नाही, पट्टीवर पेननं फक्त गावाचं नाव : सिएटल.
इलियासभाईंनी डोळ्यांजवळ धरून वाचलं,
"कोन है ये शीतल?"

आधी कोणी तापात पुटपुटावं तसं,
मग एकदम शटर कोसळलं.
भाईंनी टेप थांबवला. हेड पुसलं स्पिरिटनं, कापसानं.
परत लावला. परत तेच.
"खराब नाही भाई," सुदाम म्हणाला,
"मुद्दाम करायलेत."

मी मात्र गप्प. मला तो आवाज ठाऊक होता.
आमचे बाबा रोलिंग मिलला, रातपाळी.
लाल सळई रुळांतून सुटते तेव्हा असंच ओरडते,
घरी आल्यावरही त्यांच्या कानात ओरडत राहते.
ते गाण्यात घालता येतं
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

स्पेलिंग येईना म्हणून भाईंनी दहाव्या ओळीत
नुसतं लिहिलं : गोंगाट.
पोळ्यापर्यंत गोंगाट सहावर.
दिवाळीला तीनवर.
फुगवलेले केस एका फडक्यात गेले,
कोणी हरकतही घेतली नाही.

त्रेचाळीस डिग्रीत सुदाम
लोकरीचा चौकड्यांचा शर्ट घालून फिरायचा.
गुडघ्यावर पँट फाडली,
तर आईनं रातोरात ठिगळ लावून दिलं,
"लोक काय म्हणतील, घरात सुई नाही?"

मग कळलं, तिकडं अमेरिकेत
हेच आता एक नंबरला आहेत.
आम्हाला काही नको म्हणणारे,
सगळ्यांत जास्त खपणारे.
पुढच्या दिवाळीत रेडिमेडच्या काचेत
तोच शर्ट, कारखान्यातच विटवलेला,
दोनशे चाळीस रुपये, फिक्स.
सुदाम बराच वेळ बघत उभा राहिला.
"आता रे?" एवढंच म्हणाला.
दुसऱ्या दिवशी पांढरा बुशशर्ट.

बाबांची मिल बंद पडली. सुदाम बियाणं विकतो.
भाईंच्या गाळ्यात नातू मोबाईलचे कव्हर लावतो,
पाटी अजून आहे, आतल्या भिंतीला.

एक सांगायचं राहिलं.
पाटी ओली असेतो कोरी काळी दिसायची.
वाळली की खालची अक्षरं पुसट वर यायची,
नव्या नावांच्या पोटात जुनी.
भाई परत पुसायचे.
परत वाळायची.