दोन चाकांमधला दगड

पाटाळ्याचा पूल ओलांडला की डाव्या हाताला
तीन टायर एकावर एक,
वरच्यावर चुन्यानं माझं नाव: हिरामण.
त्यातला ‘ण’ कोळशाच्या धुळीनं कधीच खाल्ला.

श्रावण गौरकारचा ट्रेलर दुपारी अडीचला लागला.
मे महिना. जॅकच्या दांड्याला
फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावायची सोय नाही.
मागची बारा चाकं, तीन एक्सलांवर चार-चार,
बाराही गुळगुळीत,
वर्षानुवर्षं टाकी न लावलेल्या पाट्यासारखी.

“आता जोडी नाई घ्यायची,” मालक म्हणाला
आणि खिशातून नागपूरच्या माणसानं दिलेला
चकचकीत कागद काढला.
“तीनशे पंच्याऐंशी. एका बाजूले एकच, रुंद.
बाराच्या जागी सहा. चार क्विंटल वजन कमी,
तेवढा कोळसा जास्त. डिझेल वाचते ते वेगळंच.”
बोटं संपली तेव्हा तो उकिडवा बसला
आणि मातीत टोपणानं आकडे मांडायला लागला.

नथ्थू आस्वले निंबाखाली खर्रा घोटत होता.
“मालक, रात्री दोन वाजता मारेगावच्या पुढं फुटलं,
त मी काय करू?
जोडीतलं एक गेलं, त दुसरं रांगत रांगत घरी आनते.
याचं गेलं म्हनजे रिम डांबर खरवडते.
अन् भेटते कुठं हा टायर? वणीत नाई, वरोऱ्यात नाई.
नागपूरवाला कागद देते,
रातच्याले चाक थोडीच देते?”

मग दोघांनीही माझ्याकडं पाहिलं.

मी काय सांगणार? मी हातोडीवाला.
कय्यूमभाईनं शिकवलं होतं:
बाहेरचं चाक डोळ्यानं बघ, आतलं कानानं.
जोडीतलं आतलं चाक कुणाला दिसत नाही.
त्याचा व्हॉल्व्ह रिमच्या पोटात, ड्रायव्हरचा हात आळशी,
हवा आधी बाहेरच्याला मिळते.
हातोडी मारली की भरलेलं चाक टणकन बोलतं,
उपाशी चाक ‘ढप्’ म्हणतं
आणि त्याच्या वाटचं ओझं
शेजारी ओढत असतो, तापत तापत,
राजुऱ्यापासून इथपर्यंत,
फुटेपर्यंत कुणाला न कळता.
एकट्या रुंदाला ही लपवाछपवी जमत नाही.
हवा उतरली की ते पोट सोडून चारचौघांत बसतं.

एवढंच बोललो.
सहा चाकं म्हणजे माझी पंक्चरंही निम्मी,
हे नाही बोललो.

चहा आला, प्यालो. निंबाची सावली
ट्रेलरच्या नंबरप्लेटपर्यंत सरकली.
“मागं एकेक टाकू,” गौरकार म्हणाला,
“इंजिनच्या गाडीले जोडीच राहू दे. नथ्थूची.”
नथ्थूनं काही न बोलता
खर्ऱ्याची पन्नी मालकापुढं धरली.

चार दिवसांनी सहा चाकं नागपूरहून आली,
अंगावर अजून रबराचे केस असलेली.
शेवटच्या एक्सलची जुनी जोडी उतरवताना
मधल्या फटीत दगड सापडला,
टामीनं तीनदा रेटल्यावर सुटला.
कोरपन्याकडचा चुनखडीचा असावा,
दोन्ही अंगांनी घासून पेढ्यासारखा चपटा.

टपरीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे,
त्यात असे शंभरावर.
काळे, जांभळट, एक विटेचा तुकडा,
एकदा तर बैलाचा अर्धा नाल.
पोरगी लहान असताना यांनीच गोटे खेळायची,
“हा कुठल्या गावचा?” म्हणून विचारायची,
आणि मला ठाऊक नसलं की
मी कोणतंही गाव सांगायचो.
आता ती यवतमाळला नर्स आहे.

ट्रेलर निघाला. मागून ऐकत उभा राहिलो.
वेगळाच आवाज, अजून कानाला ओळखीचा नाही.
पुलावर चढेपर्यंत ऐकला.
मग पांढरा दगड डब्यात टाकला.
झाकण नीट बसेना,
वर हातोडी ठेवली.