पहिली वेलांटी

बटण दाबलं की पंखा दोन फेरे घेतो,
मग एक लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप.
आई स्वयंपाकघरातून विचारते, "काय म्हणतंय?"
दवाखान्यातून फोन आल्यासारखं.

सिडकोतल्या आमच्या पुढच्या खोलीत
जुन्या चादरीवर कॅबिनेट आडवं निजवलंय.
आत मऊ, करडी धूळ,
वाळलेली पाल, एक टाचणी,
आणि गायधनींच्या बारशाच्या कार्डाचा कोपरा.
तो आत कसा गेला, मशीनलाच ठाऊक.

रॅम काढली. भाचीचं खोडरबर घेऊन
तिचे पिवळे दात घासले, फुंकर मारली, बसवली.
बीप थांबली.
पडद्यावर तारीख : एक जानेवारी, दोन हजार दोन.
"राहू दे तशीच," आई म्हणाली,
"तेव्हा गुडघे दुखत नव्हते."

नाण्याएवढा सेल बदलला. तारीख ताळ्यावर आली.
डिस्क मात्र सापडेना.
कानाशी धरली तर आत टक, टक, टक,
चुकीच्या दाराची कडी कुणी चिकाटीनं वाजवावी तसं.

शालिमारच्या दुकानात पोरगा म्हणाला,
"काका, नवी टाका. हिच्यात असं काय आहे?"
हिच्यात आईचं दुकान होतं.
लग्नपत्रिका, वास्तुशांत, हरवलेला पोपट, सापडलेली पर्स,
आणि सगळ्यांत जास्त दशक्रियेची कार्डं.
मजकूर एकच : रामकुंड, गोदाघाट, सकाळी साडेआठ.
फक्त नाव बदलायचं.
एका नावावर दुसरं, त्यावर तिसरं.
सेव्ह. प्रिंट. तीस रुपये, पुढे पन्नास,
ओळखीतल्यांना कमी.

मित्राच्या लॅपटॉपला केबलनं जोडली.
रात्री दहाला म्हणाला, उरले सहा तास.
दीडला म्हणाला, उरले नऊ.
मी खुर्चीतच झोपलो.
पहाटे बघतो तर सगळं आलेलं, पुसलेलंसुद्धा,
फक्त नावं गळालेली.
फाइल शून्य शून्य एक. शून्य शून्य दोन.
ज्यांच्यावर दुसरी माणसं टाइप झाली होती
ते सगळे एकदम,
नंबर हातात घेऊन, रेशनच्या रांगेत उभे.

एक उघडली.
फॉन्ट नव्हता.
डॉलर, उलटे कंस, टोपीवाले ए,
जणू कीबोर्डवरून मांजर चालत गेलंय.
"गेलं आई," मी म्हणालो. "कचरा आहे नुसता."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा वर करून
ती स्क्रीनला नाक लावून उभी राहिली.
मग टेबलाच्या काठावर दहा बोटं ठेवली
आणि लाकडावरच टाइप करू लागली, हळू,
ओठांतल्या ओठांत :
हा 'क', हा काना, इथं अनुस्वार...
"ही बस्त्यांची आजी.
ही आहेरांची, नाही, आहेरांच्या व्याह्यांची."
पुढची. पुढची. मी माउस हलवत राहिलो.

शून्य शून्य चौदावर बोटं थांबली.
परत पहिल्यापासून चालली. परत थांबली.
"ह्यांचं आहे."
बारा वर्षं झाली. त्या रात्री मी रडत होतो
आणि आत प्रिंटर चालू होता, तेवढं आठवतं.

"चुकलं की रे," ती म्हणाली.
"शशिकांत. शि पहिली पाहिजे. मी दुसरी दिलीय."
एका चिन्हावर बोट टेकवलं,
मला तो स्वल्पविराम वाटला होता.
"अख्ख्या गल्लीत वाटली. कुणी बोललं नाही."

मग स्वतःलाच सांगितल्यासारखं,
"नाव कधी लिहायची वेळच आली नव्हती.
घेतलं ते उखाण्यात,
आणि उखाण्यात कुठे कळतं
ऱ्हस्व का दीर्घ."

मी म्हणालो, फॉन्ट मिळेल,
रविवार कारंज्यावर एका प्रेसवाल्याकडे जुनी सीडी आहे,
टाकतो, दुरुस्त कर, ठेवून देऊ.
"छापून झालं ते झालं," ती म्हणाली.
"पंधरावी उघड.
पगारांची पत्रिका कुठाय बघ,
उद्या संध्याकाळी द्यायची आहे."

आणि चादर चारी कोपऱ्यांनी उचलून
खोडरबराचा चुरा, टाचणी, पाल
गॅलरीत झटकायला निघून गेली.