ऑफ

मंगळवारी सात वाजता, ग्रिम्सबीच्या गोदीमागे,
मेथडिस्ट चर्चच्या थंडगार सभागृहात
मिसेस स्टॅमर्स फळ्यावर तीन अक्षरं काढतात,
त्यातली दोन जुळी.
खडू ठेवतात. म्हणतात, दिसतो तेवढा गरीब नाही हा.

दाइव्हाला हा शब्द येतो.
मासे कापायच्या यंत्रावर
लाल बटणाखाली लिहिलेला असतो.
ऑफ म्हणजे बंद. पातं थांबतं, पट्टा थांबतो,
कान परत आपले होतात.

मग तीच सांगते पहिल्या आठवड्यातली फजिती:
मुकादम ओरडत आला, अलार्म ऑफ गेलाय, पळा!
हिला वाटलं, गेला एकदाचा, बरं झालं.
आणि ही हॅडॉकचं पोट चिरत राहिली,
साठ माणसांच्या जागेत एकटी,
डोक्यावर भोंगा बोंबलतोय.
"वाजायला लागला त्याला बंद म्हणायचं,
ही कुठली रीत?"

वर्ग हसतो.
तेस्फालेम शेवटी हसतो,
त्याला आधी कुणीतरी तिग्रिन्यात सांगावं लागतं.

दूध ऑफ होतं, म्हणजे नासतं.
विमान ऑफ घेतं, म्हणजे उडतं.
कोट ऑफ, म्हणजे खुंटीवर.
गुरुवारी ऑफ, म्हणजे झोप.
बुटांवर वीस टक्के ऑफ, तरी परवडत नाहीत.
माणूस जरासा ऑफ वाटला
तर चहा द्यावा, विचारू नये.

मी वहीत रकाने पाडतो. रकाने पुरत नाहीत.

"माझे वडील," मिसेस स्टॅमर्स खिडकीकडे बघत म्हणतात,
"पहाटे चारला दारात उभे राहून म्हणाले,
राइट, आय'म ऑफ.
तीन आठवड्यांनी रेडिओवर त्यांच्या बोटीचं नाव आलं.
ऑफ आइसलंड, म्हणाला माणूस.
म्हणजे आइसलंडजवळ. म्हणजे आइसलंडपासून लांब.
आईनं तिथेच रेडिओ ऑफ केला."

आमच्यात निघताना 'येतो' म्हणतात.
हे मी सांगत नाही.

पुढच्या मंगळवारी दाइव्हा उशिरा आली.
कँटीनच्या दारावर कागद लागला होता,
बेचाळीस नावं, वर दोन शब्द.
लेड ऑफ.
शब्दकोश न उघडता कळले मला, म्हणाली.
पण लेड म्हणजे अंथरलेलं ना?
कोंबडीनं घातलेलं अंडंसुद्धा?
"आम्हाला अंथरलं, आणि मग बंद केलं?"
या वेळी तेस्फालेमसुद्धा हसला नाही.
त्याचं नाव एकतिसावं होतं.

बसथांब्यावर तिनं विचारलं,
तुमच्यात काय म्हणतात याला?
मी म्हटलं, आमच्यात नोकरी लागते.
लागते?
हो. भूक लागते तशी, ठेच लागते तशी,
आग लागते, वेड लागतं, डोळा लागतो.
आणि गेली की?
सुटते.
गाठ सुटते तशी?
गाठ, गाडी, वारा.
ती बराच वेळ गप्प होती.
मग हातमोजा काढून, गारठलेल्या बोटांनी
तिकिटाच्या पाठीवर तिनं आपल्या लिपीत लिहिलं: सुटते.
तेवढ्यात समुद्रावरून तो सुटलाच,
बर्फाचा आणि डिझेलचा वास घेऊन,
आणि तिकीट उडता उडता राहिलं.

सोमवारी साडेचारला, ती नंतर सांगत होती,
गजर ऑफ गेला.
सवयीनं लावलेला. काढायचा राहिलेला.
म्हणजे वाजत होता, अंधारात, उशाशी.
पायात मोजे चढवले. एकच.
मग आठवलं.
आणि तिनं तो ऑफ केला नाही,
वाजू दिला,
थकेपर्यंत.