स्टेशनाच्या बाजूला

चार तास जायला, चार तास यायला,
मधे नव्वद मिनिटं.
त्यातली ऐंशी मी नुसता उभा असतो.
गोलकीपर माणूस.

येमुल सर दर रविवारी फलाटावर हजर,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली केळी हातात
आणि न गुंडाळलेला प्रश्न:
"फिलिपराव, कायमचे कधी येताय?"
साखर पेठेत खोली आहे. खाली माग, वर तुम्ही.
भाडं क्लबचं.
"माग तर आहेच, अजून काय मागायचं ते मागा,"
असं म्हणून स्वतःच्याच कोटीवर हसतात,
दर रविवारी, पहिल्यांदा सुचल्यासारखं.

मगदूम आला. कोल्हापूरचा पोरगा, डावखुऱ्या पायाचा.
एक ट्रंक, एक कुकर, आईनं दिलेला तिखटाचा डबा.
पहिला महिना खालच्या खडखडाटात डोळा लागला नाही,
आता वीज गेली की दचकून उठतो.
नळाला पाणी पाचव्या दिवशी, कधी रात्री दोनला,
मग उद्या सामना असो नसो,
बादल्या, पिंप, शेवटी कुकरसुद्धा भरून
सकाळी डोळे चोळत मैदानावर.
गोल तेलुगूत मोजतो: ओकटी, रेंडू.
मूडूपर्यंत आमची अजून मजल गेलेली नाही.

मी गाडीतला.
दौंडला चहा, जेऊरला गुडघ्याला पट्टी,
कुर्डुवाडीला पाय मोकळे, मोहोळला बूट.
समोरच्या बाईंनी एकदा विचारलं,
"सोलापुरात कोण असतं तुमचं?"
म्हटलं, "गोल."
त्या म्हणाल्या, "कानडी आडनाव का हे?"

खडकीत रिबेका. दवाखान्यातली नर्स,
तिची रात्रपाळी माझ्या गाडीच्या आधी संपते,
जिन्यात भेटतो आम्ही, चावी देता-घेता.
खोलीचं सांगितलं तेव्हा तिनं बूट उलटे करून
पायरीवर आपटले, काळी माती पडली.
म्हणाली, "थोडं थोडं करून
आणतोयसच की तू सोलापूर इकडे.
झाडायला मी आहे."
हो की नाही, ते त्यात नव्हतं.

लातूरची टीम उशिरा आली त्या दिवशी.
ऊन असं की गोलचा खांब हाताला चटका देई.
शेवटी शेवटी रियाज नदाफ रिक्षा घेऊन
माझ्या जाळीमागे उभा, इंजिन चालू,
"भाई, बावीस मिनिटं. भाई, एकोणीस."
आणि पेनल्टी. आमच्याविरुद्ध.

मी उजवीकडे झेपावलो.
बॉल डावीकडून गेला, सावकाश,
पाव्हणा निघाल्यासारखा.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं,
फार मोठ्यानं नाही, पण जाळीपर्यंत येईल इतपत:
"स्टेशनाच्या बाजूला उडी मारली बघा."

रिक्षात मी ग्लोव्ह्ज काढले नाहीत.
माढा गेलं, भिगवण गेलं.
त्याचा पाय आठवून बघितला, खांदा आठवून बघितला,
रियाजचा आवाज नेमका कुठल्या कानात होता
तेही आठवून बघितलं.
उजवीकडेच जाईल असं वाटलं होतं.
वाटलं होतं, की हवं होतं,
हे दौंडलाही ठरलं नाही.

रात्री दोनला मगदूमचा फोन.
बोलला काहीच नाही.
मागे पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज,
तळातून वर वर येत बारीक होणारा.
"भरलं?" मी विचारलं.
"एक राहिलंय," तो म्हणाला. "कुकर."
मग दोघंही ते भरेपर्यंत थांबलो.

पुढच्या रविवारी सर फलाटावर होते.
केळी होती, वर्तमानपत्र होतं.
जिना चढलो, पूल निम्मा ओलांडला,
सर उन्हाबद्दल बोलत होते.
मी जरा हळू चालून बघितलं.
त्यांनी विचारलं नाही.
पूल संपला.
मी केळं सोललं.