बोधडीच्या बाजारात

ताडपत्रीवर पाती मांडलीत झेलाबाईनं,
ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली.
एकावर अजून पुसट आकडे आहेत
कुठल्या कंपनीचे, किती टनांचे, कोण जाणे.
"कामून बघायलीस नुसतं? धरून बघ,"
ती म्हणते, आणि भात्याकडं वळते.

मला जाळरेषा साफ करायचीय,
सात किलोमीटर, वणवे सुरू व्हायच्या आत.
घाणेरी, कुडा, पळसाचे फुटवे,
मधेच एखादा आडवा पडलेला साग
ज्याचा पंचनामा आधी, तुकडे नंतर.
कोठारातली कुऱ्हाड रजिस्टरात धडधाकट आहे,
हातात घेतली की दांड्यावर मान फिरवते.

आधी कत्ती.
लांब, पातळ, हवेला सोपी.
कोवळ्या फुटव्याला तिरकी घातली
तर त्याला कळतही नाही.
वाळल्या खैरावर मात्र टण्णकन उडते,
परत येते नडगीकडं.
जंगू आत्रामच्या पायावर तशी खूण आहे,
तो ती न विचारता दाखवतो.

मग कुऱ्हाड. दांडा तिवसाचा, तेल प्यालेला.
हिचं सगळं शहाणपण डोक्यात;
आपण उचलायची,
पडायचं काम तिचं.
खोडासमोर हिच्यासारखं कुणी नाही.
पण काडीसाठी हिला नेणं म्हणजे
पोरांच्या भांडणात तहसीलदार बोलावणं.

आणि ही एक, चोच खाली वळलेली, घारीसारखी.
नाव विचारलं तर झेलाबाई म्हणते,
"वाकडी. अजून काय नाव ठेवायचं तिला?"
काट्यात हात न घालता
ही फांदीला जवळ बोलावते,
आली की मानेशी कापते.
पाठीला सरळ धार आहे, जाड ढलप्यांसाठी.
दोन्हीतलं थोडं थोडं येतं हिला,
पुरतं कुठलंच नाही.
माझ्यासारखीच, म्हणा.

ताडपत्रीच्या कोपऱ्यात आणखी एक आहे.
तिकडं मी बघत नाही.
उसाचा कोयता.
त्याचं वजन मला न उचलता माहीत.
आमच्या धारूरकडं फडावर माणसं मोजत नाहीत,
कोयते मोजतात,
नवरा-बायको मिळून एक.
बाप गेल्यावर मुकादमाच्या वहीत
आई अर्धा कोयता झाली.
पावकी-निमकी मला शाळेत कुणी शिकवली नाही,
पाचटावर बसल्या बसल्या आली.

"डावखुरी हैस का?"
झेलाबाईनं माझा हात बघितलाय, वाकडीवर.
मी हो म्हणते, जरा ओशाळून,
जेवताना म्हणावं लागतं तसं.
"मग ही तुला फेकल. धार उजव्याची हाय,
तू मारशील खाली, ती जाईल बाहेर."
एका अंगानं घासलेली असते म्हणे वाकडी.
तोडणाऱ्याचा हात कुठला,
ते पात्याला आधीच ठाऊक असतं.

आईसुद्धा डावखुरी होती.
वीस गळीत हंगाम
तिचा कोयता बाहेर जात राहिला
आणि ती त्याला
मनगटानं आत आणत राहिली.
रात्री मनगटाला हळद बांधायची.
आम्ही समजायचो, ऊसच तसा असतो.

झेलाबाई पातं पुन्हा निखाऱ्यात घालते.
सून घण उचलते, लेकरू पाठीवरून काढून
माझ्या मांडीवर देते, न विचारता.
ते माझ्या खाकीची गुंडी चोखत बसतं.
धार पलटायला पाऊण तास लागतो,
त्याचे वीस रुपये जास्तीचे.

पावतीचा कागद माझ्याकडचा,
अंगठा तिचा, कोळशाचा.
नोंदवहीत रकाने दोनच आहेत, कुऱ्हाड आणि कोयता.
बसमध्ये मांडीवर वही ठेवून
मी कोयत्याच्या रकान्यात लिहिते:
नग एक.
शेरा: डावा.
वाकडी गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवलीय, अजून कोमट.
दांडा तेवढा जंगूकडून बसवून घ्यायचा.
तो म्हणेल, बाई, कुऱ्हाड आणायची होती.